टोपल्याखालचं पीठ

सुजाता दळण आणायला निघाली तेव्हा दुपार कलली होती. नवा रायपूरमध्ये, छत्तीसगडच्या या नव्या राजधानीत, चक्की शोधायची म्हणजे दिव्यच. रस्ते विमान उतरेल एवढे रुंद, पण त्यांवर बस नाही, माणूस नाही, हाकेला ओ द्यायला कुत्रंसुद्धा नाही. शेवटी मागच्या जुन्या गावातल्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, चक्की सापडली. "पाकिटाचं पीठ नको आणू बरं," असं सासूबाईंनी, अंजनाबाईंनी, निघतानाच बजावलं होतं. "ताज्या दळलेल्यावरच पाऊल उमटते."

पाऊल म्हणजे ओवीचं. सुजाताची सात वर्षांची लेक, गेल्या आठवड्यात शेजारच्या अर्धवट इमारतीच्या उघड्या टाकीत सापडली. आमच्या विदर्भात रीत आहे. माणूस गेलं की घरात दिवा लावतात, शेजारी पीठ पसरून वर टोपलं पालथं घालतात. सकाळी उचलून बघायचं. पाखराचा पाय उमटला तर जीव पाखराच्या जन्माला गेला, माणसाचा उमटला तर माणसाच्या. लेकरांसाठी खरं तर हे कुणी करत नाही, पण वर्ध्याहून धावत आलेल्या त्या आजीच्या जिवाला चैन नव्हतं. पोरगी कुठं गेली, एवढं तरी कळावं, असं तिचं म्हणणं.

सुजाताला मात्र त्या पिठाचीच धास्ती होती.

त्या दिवशी ओवीनं शाळेचा डबा भरलेला तसाच परत आणला, आणि सुजाताचं डोकं फिरलं. तिनं पोरीला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. "भिंतीकडे तोंड करून उभी राह. मी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही," म्हणाली आणि आतून कडी लावली. ओवी थोडी रडली, मग गप्प झाली. तेवढ्यात फोन आला, बोलण्यात वेळ गेला. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. लोक जमले, विचारू लागले, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "हे जेवून ऑफिसात गेले ना, तेव्हा दार नीट ओढायचं राहिलं असेल." नवऱ्यानं, रत्नाकरनं, ते ऐकलं आणि तो खाली बसला. तेव्हापासून तो कडी लावायचा, ओढून बघायचा, झोपेतून उठून पुन्हा ओढून बघायचा. अन्नावरची वासनाच उडाली त्याची. "माह्यामुळे गेली माही पोट्टी," एवढंच मधूनच म्हणायचा, आणि सुजाता त्याच्या ताटात भाजी वाढत राहायची. माणसाला इतकं गप्प बसता येतं, भुताखेतांचं काय घेऊन बसलात.

संध्याकाळी अंजनाबाईंनी हॉलमध्ये पीठ पसरलं, हातानं सारखं केलं, टोपलं पालथं घातलं. इमारतीत राहती घरं मोजकीच, त्यामुळे दिवेलागणीनंतर जिन्यावर पाऊलही वाजत नसे. सुजाता डोळे उघडे ठेवून पडून राहिली. रात्रभर कसलाच आवाज झाला नाही. पहाटे मात्र घरात कुबट वास आला, ओल्या सिमेंटचा, साचलेल्या पाण्याचा. तो वास तिच्या ओळखीचा होता. ओवीच्या केसांना तोच येत होता, टाकीतून काढली तेव्हा.

उजाडल्यावर अंजनाबाईंनी टोपलं उचललं. बराच वेळ वाकून पाहिलं.

"काहीच नाही... मुंगीबी फिरली नाही यावर. असं मी कधी पाह्यलं नाही, रत्नाकर. पोट्टी घरात आलीच नाही."

"काहून, आई?"

"मले काय माहीत, बापा... आपलं घर सोडून कुठं राह्यली असंन?"

सुजाता उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती दाराशी गेली, रत्नाकरनं रात्री लावलेली कडी काढली आणि बाहेर पाहिलं.

दाराशेजारी फरशीवर दोन इवलीशी पावलं उमटली होती. पांढरी, ओल्या पिठाची, कडेनं सुकत आलेली. आल्याची खूण नाही, गेल्याची नाही, आजूबाजूला पिठाचा कणही नाही. टाचा जुळवलेल्या आणि बोटं भिंतीला टेकलेली.

रत्नाकर मागून आला. वाकला, बोटानं एका पावलाची कड चाचपली.

"ही... भिंतीकडे तोंड करून काहून उभी आहे, सुजाता?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. कुणाचं तरी लेकरू खेळून गेलं असेल म्हणता आलं असतं. पण तिच्यातलं बळच सरलं होतं.

"मीच उभी केली होती," ती म्हणाली. "डबा खाल्ला नाही म्हणून... बोलावेपर्यंत येऊ नको म्हटलं. तुमच्याकडून दार नव्हतं राहिलं. कडी मी लावली होती."

तो ओरडला नाही. हातही उगारला नाही. नुसता बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

"मी तुझ्यासमोर बसून रडून राहिलो होतो," तो म्हणाला. "रोज."

आणि आत गेला. दार लागलं, कडी सरकली, मग आतून ती एकदा ओढून पाहिल्याचा आवाज आला. सवयीनं लावली की जाणून, तिला कळलं नाही. "काय झालं रे?" असं अंजनाबाई विचारत होत्या.

सुजातानं दार वाजवलं नाही. कोणत्या तोंडानं वाजवणार? ती त्या पावलांशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. खाली लांबच लांब रस्ता उन्हात रिकामा पडला होता.

"ओवी..." ती हळूच म्हणाली. "ये गं आता आत."

पण आत कुठं बोलावणार? दार तर बंद होतं.

तेवढ्यात तिच्या हातात एक हात आला. लहानसा, गार, निथळता. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी बोटांची टोकं सुरकुतलेली. सुजातानं खाली पाहिलं नाही. घट्ट धरला तो हात, किती दिवसांनी धरायला मिळाला होता.

हात तिला हलकेच ओढू लागला, जिन्याकडे.