तीस दिवस हात लावायचा नाही

रविवारी दुपारी चार वाजता उल्का बसमधून उतरली, तेव्हा ईस्ट कोस्ट वस्तीतल्या तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक ट्रेलर अडकून उभा होता. ट्रेलरवर साईच्या रंगाची, बिनछपराची, दोनच माणसांची गाडी. आणि शेजारी उभा असलेला उंच माणूस आभाळाकडे बघत स्वतःशीच म्हणत होता, "झालं. आता बसा बोंबलत."

परदेशातल्या या गल्लीत चार वर्षांत तिने मराठी ऐकलं नव्हतं. पाय आपोआप थांबले.

"कोणाला बसायचंय?"

तो दचकला. मग हसला. "मलाच. कोणीतरी कोपऱ्यावर गाडी लावलीय, ट्रेलर आत वळत नाही. माझं घर तिकडे, शंभर पावलांवर. पाऊस येतोय आणि रंग परवाच दिलाय."

"मग ताडपत्री टाका."

"कोवळ्या रंगावर? वाऱ्याने फडफडली की चरे पडतात."

"मग चालवत न्या."

"सुटे भाग मागवून घरी बांधलेली गाडी आहे. हिला इथे नंबर मिळणं जवळजवळ अशक्य. रस्त्यावर इंजिन सुरू केलं तर उद्या मी कोर्टात." तो थांबला. "ढकलता येईल... पण मग स्टिअरिंग कोण धरणार? ट्रेलरवाले अंकल इथल्या थाटात म्हणतात, उतरवून देतो, बाकी नॉट माय जॉब, लाह."

उल्काने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. दर रविवारी ती भारतीय दुकानांच्या लिटिल इंडियात जाई आणि एका माणसाला आठवड्यात संपणार नाही इतकं सामान आणी. सामानापेक्षा ती गर्दीसाठीच जात असे. घरी कोणी वाट बघत नव्हतं.

"मी धरते," ती म्हणाली.

गाडीत सीट नव्हतं. प्लायवूडच्या फळीवर ती बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मागून धापा ऐकू येऊ लागल्या.

"डावीकडे... अहो, थोडंच डावीकडे."

"माझं नाव उल्का आहे."

"मी शैलेंद्र. उल्काबाई, आता सरळ."

"बाई म्हणालात तर ब्रेक दाबीन."

"दाबा. अजून जोडलेला नाही."

ती मोठ्याने हसली आणि स्वतःच्याच आवाजाने चपापली. सपाट गल्लीतून गाडी माणसाच्या चालीने सरकत होती. पोर्चच्या छपराखाली मागची चाकं आली आणि पाऊस कोसळला.

दोघं गाडीकडे बघत उभे राहिले. घरातून कोणी बाहेर आलं नाही. शेजारचं दार उघडलं नाही. साताऱ्याला तिच्या वडिलांनी जुनी स्कूटर आणली होती, तेव्हा अर्धी आळी जमली होती.

"नवी गाडी अशी नुसतीच घरात घ्यायची?" तिने विचारलं आणि पिशवीतून कुंकवाची पुडी, झेंडूचं फूल आणि नारळ काढला.

तो आत जाऊन वाटीत पाणी घेऊन आला. तिने ओल्या बोटाने बॉनेटवर स्वस्तिक रेखलं, वर फूल ठेवलं. त्याने पायरीवर नारळ फोडला आणि हात जोडून डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

डोळे उघडल्यावर त्याचा चेहरा बदलला. "अरे... तीस दिवस हात लावायचा नाही, असं रंगाऱ्याने बजावलं होतं. पाणीसुद्धा नाही."

मऊ फडक्याने कुंकू निघालं. साईच्या रंगावर गुलाबी स्वस्तिक मात्र तसंच राहिलं. रंगाऱ्याला फोन झाला. रंग पक्का होईपर्यंत काही करता येणार नव्हतं. तीस दिवसांनी पॉलिश करून बघू, म्हणाला.

"तोवर मी इथे असेन की नाही, माहीत नाही," उल्का कशीबशी म्हणाली. "नोव्हेना भागातल्या लॅबमध्ये असते मी. महिनाअखेरीला करार संपतो. पुढे सही करायची की नाही, ते सोमवारी, एकतीस तारखेला सांगायचंय. आई म्हणते, परत ये. आणि खरं सांगायचं तर... मी गेले तर इथे कोणाचं काय अडणार आहे?"

"आज माझं अडलं असतं," तो म्हणाला. लगेच वाटीकडे बघू लागला.

पुढच्या रविवारी ती डाग बघायला गेली. पोर्चमध्ये सीट जोडायचं काम चाललं होतं; तिने पाना धरला. त्याच्या पुढच्या रविवारी ती पोहे घेऊन गेली. तिसऱ्या रविवारी ते एकमेकांना 'अरे-अगं' म्हणत होते आणि कधीपासून, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"चालवता येत नाही, तर बांधलीस कशाला?" तिने विचारलं.

"ऑफिस सुटलं की घरी यायचं, आणि मग?" तो नट आवळत राहिला. "कोणाशी बोलणार? पेटीतून भाग काढायचा, आकृती बघायची, जोडायचा. तीन वर्षं बरी गेली. रंग देऊन झाला त्या दिवशी घाबरलो. म्हटलं, आता काय करायचं?"

तिला ते नीट कळलं. सोमवार ते शनिवार तीही मायक्रोस्कोपच्या काचांशीच बोलत असे. पण आता घरी परतताना पाय त्याच्या फाटकाशी रेंगाळत. आत दिवा दिसे. काम नसताना कसं जायचं? ती पुढे जाई.

तीस तारखेला, चौथ्या रविवारी, ती आली तेव्हा बॉनेट लख्ख होतं. गुलाबी रेघ कुठेच नव्हती.

"सकाळी रंगारी येऊन गेला," शैलेंद्र म्हणाला. "दोन दिवस लवकरच बोलावलं."

"छान झालं." तिने पर्स खांद्यावर घेतली. "मग... निघते मी."

"उल्का, थांब." त्याने हात फडक्याला पुसले. ते स्वच्छच होते. "डाग होता तोवर तू डागासाठी येत होतीस. मला ते पुरेना. म्हणून घालवला. आता इथे तुझं काहीच काम उरलेलं नाही, आणि तरी तू यावीस असं मला वाटतं. रोज... सही कर, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तू गेलीस तर माझं फार अडेल."

मोठ्या रस्त्यावरून एक बस आवाज करत गेली. उल्काने पर्स पायरीवर ठेवली, स्वतः शेजारी बसली आणि त्याच्यासाठी थोडी सरकली.

"उद्या सकाळी सही करते," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी येते. काही काम काढून ठेवू नकोस."