उतरलेल्या सहा तारा

शेजारच्या तंबूच्या दोरीत पाय अडकून मी पडले, तेव्हा माझ्या हातात आम्हा तिघींच्या जेवणाचं एकुलतं एक पातेलं होतं. पातेलं वाचलं. सूप नाही वाचलं.

"लागलं का हो?" तंबूतून आधी एक गिटार बाहेर आली, मग तिच्यामागून तो.

"दोरी बांधताना वाटेकडे बघायची पद्धत नाही का तुमच्यात?"

"वाट पलीकडून आहे," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "ही आमच्या तंबूची मागची बाजू."

वाट खरंच पलीकडून होती. समोरचा बरोबर निघाला की माझा राग दुप्पट होतो.

तशी मी सकाळपासूनच वैतागलेली होते. या बिनविजेच्या संगीत महोत्सवाला आम्ही मैत्रिणी दरवर्षी येतो. तळ्याकाठी गवताचं मैदान, एक लाकडी मंच, ना माइक ना स्पीकर. फोनसुद्धा फाटकावर जमा करून घेतात. ऐकायला किती छान वाटतं! प्रत्यक्षात माझी वकील मैत्रीण तंबूच्या खुंट्या घरी विसरून आली होती, आणि त्या आणणं मुळात तिचं काम नव्हतंच हे मला मुद्देसूद पटवून देत होती. दुसरीला आम्ही डुलकी म्हणतो. ती अर्धवट उभ्या तंबूतच झोपली होती. त्यात आता जेवण गवतावर सांडलेलं.

थोड्या वेळानं तो आमच्याकडे आला, हातात पाव, उकडलेली अंडी आणि मूठभर खुंट्या घेऊन.

"भरपाई," तो म्हणाला. "गुडघा बघू? मी डॉक्टर आहे. म्हणजे... जनावरांचा."

"मग राहू दे."

"माझे पेशंट चावतात, लाथा मारतात. तुम्ही तर नुसत्याच ओरडताय." आणि तो हसला. डावीकडून थोडा जास्त. मी अंडं सोलायला घेतलं, कारण कुठेतरी बघायला हवंच होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यानं गिटार वाजवायला घेतली.

मी पियानो सुरात लावते. शाळांचे, हॉटेलांचे, हौशी लोकांच्या दिवाणखान्यातले. लोक म्हणतात, काय देणगी आहे कानांची! देणगी कसली, डोक्याला ताप आहे. दारावरची घंटा, लिफ्टची शिट्टी, फ्रिजची घरघर, सगळं मला टोचतं. आणि याच्या गिटारच्या सहाही तारा उतरलेल्या. फार नाही, अर्ध्या सुराहूनही कमी. पण शर्टाचं बटण एका घरानं चुकलं की जसं दिसतं, तसं मला ते ऐकू येत होतं.

"तुमची गिटार उतरलीये," शेवटी न राहवून मी म्हणाले.

"हो, ती ना..."

"अरे, माझा चष्मा कुठे ठेवलास?" त्याच्या तंबूतून हाक आली आणि तो वाक्य तिथेच टाकून पळाला.

हाक मारणारी त्याची आत्या. घडीच्या खुर्चीत ताठ बसलेली, मांडीवर बंद खोकं, त्यात अकॉर्डियन. संध्याकाळी भुरभुर पाऊस आला, तेव्हा त्यानं आमच्या दोन तंबूंच्या मध्ये एक ताडपत्री ताणली आणि मला कॉफी आणून दिली. तिच्याबद्दल त्यानं मला सांगितलं ते तेव्हा, हळू आवाजात.

"आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. फार सुंदर वाजवते हो. पण स्वयंपाकघरात, दार लावून. दरवर्षी हे खोकं इथवर आणते आणि न उघडता परत नेते. यंदा हो म्हणालीये. उद्या दुपारी, एकच गाणं. तिचं अकॉर्डियन, माझी गिटार."

"आणि बिचकल्या तर?"

"तर पुन्हा कधीच नाही. मी ओळखतो ना तिला."

हे सांगताना तो आत्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. ताडपत्रीवरून एक धार थेट माझ्या मानेवर पडत होती, तरी मी जागची हलले नाही. माझ्यासारख्या बाईनं मुकाट्यानं भिजत बसावं! वकील मैत्रिणीनं तंबूतून मान बाहेर काढून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला तिचा गळा दाबावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घाईघाईनं आला. "आत्याला जरा तळ्यावर फिरवून आणतो. सकाळपासून घाबरलीये. गिटारवर नजर ठेवाल?"

मी नजर ठेवली. मग हात ठेवला.

काय करणार? एवढं मोठं गाणं त्याचं, आणि वाद्य हे असं! माझा नादकाटा कायम माझ्या खिशात असतो. गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि एकेक तार नीट चढवली. अशी स्वच्छ बोलायला लागली गिटार की माझंच मला कौतुक वाटलं. तो परत येईल, छेडून बघेल, चकित होईल, माझ्याकडे बघून डावीकडून जास्त हसेल... काय काय मनात आलं, सांगायची सोय नाही.

एक गोष्ट मात्र मनात आली नाही. आपोआप उतरलेलं तंतुवाद्य कधी एकसारखं उतरत नाही. एक तार जास्त, एक तार कमी, असंच होतं. सहाही तारा एकाच मापानं उतरल्यात याचा अर्थ त्या कुणीतरी मुद्दाम तशा लावल्यात. माझ्या धंद्यातलं पोरसुद्धा हे सांगेल. मी नाही ओळखलं, कारण मी तेव्हा गिटारचा विचार करतच नव्हते.

त्यांचं नाव ठरल्यापेक्षा आधी पुकारलं गेलं. तो धावत आला, गिटार उचलली आणि तसाच मंचावर गेला. आत्यानं खोकं उघडलं. आतलं अकॉर्डियन फार जुनं होतं, कोपरे झिजलेले. तिनं भाता ओढून पहिला सूर धरला.

अकॉर्डियनच उतरलेलं होतं. अगदी तेवढंच.

त्यानं गिटार छेडली आणि दोन्ही वाद्यं भांडायला लागली. समोरचे लोक चुळबुळले. त्याचा चेहरा गोंधळला. आत्या थांबली. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं, आणि पहिल्या रांगेतल्या मलासुद्धा ऐकू आलं, "माझीच बोटं चुकताहेत रे. जाऊ दे. मी म्हटलं होतं ना?" ती खांद्यावरचा पट्टा काढू लागली.

मी मंचावर कशी चढले, आठवत नाही. डुलकी म्हणते, तिच्या अंगावरून चढले.

"आत्या, पट्टा काढू नका! तुमची बोटं बरोबर आहेत. चूक माझी आहे. मी यांच्या नकळत गिटार चढवली." सगळ्या मैदानासमोर. माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... काय केलंत?"

"नंतर ओरडा. आत्या, एक सूर द्या. धरून ठेवा. हां... आता पुढचा."

ती सूर देत गेली, मी तारा उतरवत गेले. नादकाटा खिशातच. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं वाद्य मुद्दाम, मनापासून उतरवत होते, आणि प्रत्येक सुरागणिक आत्याचा हात स्थिर होत होता. शेवटची तार जुळली तशी ती मला म्हणाली, "आता सरक बाजूला, मुली. मला वाजवू दे."

आणि तिनं वाजवलं! जरा उतरलेलं, जरा खरखरीत, आणि इतकं आपलं वाटणारं की माझ्या त्या नतद्रष्ट कानांना काहीसुद्धा टोचलं नाही. मी मंचाच्या पायरीवर बसून सरळ रडले. लोकांनी आणखी एक म्हणून गलका केला, तेव्हा आत्यानं आणखी दोन गाणी वाजवली. त्याला एकच येत होतं. बाकीच्या दोन गाण्यांत तो नुसता तिच्याकडे बघत उभा होता.

संध्याकाळी तंबू उतरवताना तो आला. मी खुंट्या पुढे केल्या. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"तुम्ही नेहमीच लोकांच्या वस्तू न विचारता दुरुस्त करता?"

"हो. खोड आहे. बोला काय बोलायचंय ते."

"खूप वैतागलो होतो मी," तो म्हणाला. "मग तिनं तिसरं गाणं वाजवलं. मी तिला आयुष्यात असं हसताना पाहिलं नव्हतं. आता धड वैतागताही येत नाही." त्यानं खुंट्या घेतल्या. "ती विचारतेय... अकॉर्डियन दुरुस्त होईल का?"

"होईल. आतल्या सुरांच्या पात्या घासाव्या लागतील." माझे हात शिवशिवायलासुद्धा लागले होते. मी ते पाठीमागे धरले. "पण मी करणार नाही. ते आहे तसंच छान आहे."

"मग आमच्याकडे यायला तुम्हाला काही कारणच उरलं नाही," तो म्हणाला. आवाज जरा उतरला. अगदी तेवढाच. "पुढच्या वर्षी भेटू, इथेच?"

एवढा शिकलेला माणूस! गाईच्या पोटात काय दुखतंय ते न बोलता कळतं, आणि समोर उभ्या बाईचं कळू नये? मी कपाळाला हात लावला.

"पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतंय?" मी ओरडले. "मला तू आवडतोस! रविवारी येते मी. आत्यांना सांग, सूप करा म्हणावं. माझं सांडलंय."

अर्धवट उतरलेल्या तंबूच्या आतून वकील मैत्रीण म्हणाली, "नोंद घेतली."

तो हसला, डावीकडून थोडा जास्त. ते हसू मात्र कुणी दुरुस्त करायला आलं असतं, तर मी त्याचा हात वरच्यावर अडवला असता.