नेटमेकर्समधली मोकळी खुंटी

जोएल दुपारचा झोपला की माझा चहा गार होईपर्यंतचा वेळ माझा असतो. गेल्या हिवाळ्यात त्या वेळात मी दोनच कामं करायचे. त्याच्यासाठी लहानसा मफलर विणायचे, नाहीतर परगावच्या पबवाल्यांना फोन करायचे. खरं तर दोन्ही कामं माझ्या आईची.

आमचं गाव ऑल्डरशॉ. गिरण्या कधीच्याच बंद पडल्या, आता फुटबॉलचा संघ तेवढा उरलाय, आणि तोही खालच्या विभागात. पण शनिवारी परगावी सामना असला की आमची बस भरते. परगावी गेल्यावर पहिला प्रश्न गोलचा नसतो, बसायचं कुठं हा असतो. मैदानाजवळच्या पबच्या दारावर पाटीच असते, पाहुण्या संघाचे लोक नकोत. दारात एक आडमाप गडी उभा असतो. तो तुमच्या गळ्यातल्या मफलरकडे बघतो आणि नुसती मान हलवतो. मग भिंतीच्या आडोशाला उभं राहून वाऱ्यात गारढोण चिप्स खायच्या.

आई असताना आमच्यावर ही वेळ कधी आली नाही. आईचं नाव एव्हिस. तिची एक रीत होती. पबवाला नाही म्हणाला तरी ती फोन ठेवायची नाही. विचारायची, "बरं, नका घेऊ. पण तुमची स्वतःची आई अशी परगावी सामन्याला गेली असती, तर ती कुठं बसलेली तुम्हाला आवडली असती?" पलीकडचा माणूस कितीही खडूस असो, एखादं नाव सांगायचाच. आणि जिथं आम्हाला जीव लावला जायचा, तिथून निघताना आमच्यातलं कुणीतरी गळ्यातला मफलर काढून ठेवून यायचं. पबवाले तो छताला टांगतात. आभार मानायची आमची तेवढीच पद्धत.

आई मार्चमध्ये गेली. जोएल मे महिन्यात झाला. शेवटी शेवटी तिचे हात चालेनात, तेव्हा तिनं अंथरुणातूनच बाबांना विणायला शिकवलं. त्यांनी विणलेली पहिली टोपी बघून ती इतकी हसली की नर्स धावत आली होती.

ती गेल्यावर पब शोधायचं काम डेसनं अंगावर घेतलं. डेस म्हणजे बसमधला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात मोठं पोट. त्यानं शोधलेल्या पहिल्याच जागेतून आम्हाला हाकललं. बाबा तासभर बसथांब्याखाली पावसात उभे राहिले. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "बस झालं, हेट्टी. तुझी आई होती तोवर परगाव परगावासारखं वाटायचं नाही."

त्यानंतर ते दिवसाही पडदे उघडेनासे झाले. मी जेवण घेऊन गेले की अंधारात बसलेले असायचे, अंगावर कोट तसाच. मी मनधरणी करून एक फेरी मागून घेतली. फक्त ग्रेस्टनची. जागा वाईट निघाली तर पुन्हा कधी विषय काढणार नाही. ही फेरी फसली तर ते पडदे कायमचेच बंद होतील, हे मला समजत होतं.

ग्रेस्टन पूर्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं बंदर. मी एकामागून एक फोन लावले. "ऑल्डरशॉ? मागच्या वेळी तुमच्यातल्या एकानं आमच्या कुंडीत उलटी केली होती." तो डेसच असणार. कुणी म्हणालं मुलं चालत नाहीत, कुणी म्हणालं मुलं चालतील, मफलर चालत नाहीत. शेवटच्या माणसानंही नाही म्हटलं, तेव्हा मी आईचा प्रश्न विचारला. मागं पेले धुतल्याचा आवाज येत होता.

"नेटमेकर्स," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

नेटमेकर्स पबमध्ये एका बाईनं फोन उचलला.

"ऑल्डरशॉ का? मग या की. विचारायचं काय त्यात?"

"बरोबर लहान बाळ आहे." जोएल जागा होऊन कुरकुरायला लागला होता.

"ते ऐकू येतंय मला. उंच खुर्ची काढून ठेवते."

"आणि माझे वडील. त्यांना जरा ऊब असेल अशी जागा..."

"शेगडीजवळ बसव त्यांना. कुठंही बसा, पोरी. खिडकीतली खुर्ची तेवढी सोडून."

शनिवारी सकाळी बाबा दाढी करून तयार होते, पण कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. डेसनं जोएलला आमची गाणी शिकवायचा प्रयत्न केला. "अरे, त्याला अजून 'आई' म्हणता येत नाही," मी म्हटलं. "म्हणून काय झालं?" डेस म्हणाला. "पंचांना शिव्या द्यायला वय लागतं होय?"

नेटमेकर्स गोदीमागच्या गल्लीत, मासे धुरावायच्या दोन भट्ट्यांच्या मध्ये होता. तिथं हॅडॉक मासे धुरी देऊन टिकवतात, त्याचा वास दारातच अंगाला चिकटला. छपरांच्या वर मैदानाचे दिव्यांचे खांब दिसत होते. दारावर ना पाटी, ना गडी. आत गेलो आणि दार मागं लागलं, तसा समुद्राचा वारा एकदम बंद झाला. बाहेर रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. आत त्यातली एकही ऐकू येत नव्हती. भिंती जाड असतील.

फोनवरची बाई म्हणजे मर्टल. बारीकशी, हाताला पीठ लागलेलं, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. बाबा बारपाशी पोचायच्या आधीच तिनं त्यांच्यासाठी माइल्डचा, म्हणजे सौम्य बिअरचा, पेला भरायला घेतला होता. म्हाताऱ्यांना माइल्डच लागते, त्यात काय ओळखायचं. उंच खुर्ची पुसून ठेवलेली होती. मग आले वाटाणे, मांसाचं सारण भरलेली 'मीट पाय', घट्ट ग्रेव्ही. तिनं बाबांच्या गळ्याशी हात नेला आणि कोटाचं वरचं बटण स्वतःच काढलं. "इथं गारठा नाही," ती म्हणाली. बाबांनी उरलेली बटणं काढली.

"मर्टल, माझ्याशी लग्न कर," डेस तोंडातला घास न गिळताच म्हणाला.

"रांगेत उभा राहा. तुझ्याआधी हलचे लोक आहेत, बर्नलीचे आहेत आणि अख्खं स्टॉकपोर्ट गाव आहे."

बाबा हसले. मार्चनंतर पहिल्यांदा. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उठून बारपाशी गेले आणि जिंजर बिअर मागितली. जोएल अंगावर पीत असल्यानं मी तेवढंच, बिनदारूचं, घ्यायचे.

"लिंबाची चकती घालून," मर्टल म्हणाली. ती विचारत नव्हती, सांगत होती.

मी हो म्हटलं. पेला घेऊन वळताना माझं लक्ष खिडकीकडे गेलं. पब आमच्या लोकांनी गच्च भरला होता, दोघंजण तर जिन्यात बसले होते. पण खिडकीतली खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर भरलेला पेला. जिंजर बिअर, त्यात लिंबाची चकती. बुडबुडे एकसारखे वर येत होते, जणू आत्ताच ओतली आहे. आम्ही जेवण उरकलं, बशा उचलल्या गेल्या, तरी ते येतच होते.

"तिथं कुणी बसलंय का?" मी विचारलं.

"जागा घेतलेली आहे, पोरी," मर्टल म्हणाली आणि बशा पुसत राहिली.

मग बाबांनी कोटाच्या आतून आईचा मफलर काढला. तो त्यांनी बरोबर आणलाय, हे मला माहीत नव्हतं. लाल-पांढरा, कडा झिजलेला, अजून तिच्या हातावरच्या मलमाचा वास येणारा. त्यांनी तो बारवर ठेवला आणि दोनदा हातानं सारखा केला.

"आमच्या एव्हिसचा आहे," ते मर्टलला म्हणाले. "तिला ही जागा आवडली असती. ठेवाल का?"

डेसनं डोक्यावरची टोपी काढली.

"ठेवणार म्हणजे काय," मर्टल म्हणाली. "तिची खुंटी राखलीय की."

ती स्टूल घेऊन कोपऱ्यात गेली. छताला मफलरच मफलर होते. निळे, पिवळे, काळे-पांढरे, धुरानं सगळे एकाच रंगाकडे झुकलेले. एवढ्या दाटीत एक खुंटी मोकळी होती. मर्टलनं आईचा मफलर तिच्यावर टांगला. बाबांनी नाक शिंकरलं, आणि डेसनं त्यांच्या खांद्यावर हात टाकून एकदम गाणं सुरू केलं. सगळ्यांनी ते उचललं.

मी गात नव्हते. जोएलला कडेवर घेऊन मी शेजारच्या खुंटीकडे बघत होते.

तिथं एक लहान मुलाचा मफलर होता. लाल-पांढरा, जुनाट, धुरानं तपकिरी पडलेला. मधला एक लाल पट्टा बाकीच्यांच्या दुप्पट रुंद.

जोएलला पाजता पाजता विणताना माझी मोजणी चुकली होती. पट्टा दुप्पट झाला होता. उसवायचा कंटाळा केला आणि तसंच पुढं विणत गेले होते. ते अर्धवट विणकाम त्या क्षणी आमच्या घरी होतं, सुयांवर, टोपलीत.

पट्टा चुकणारी जगात मीच एकटी नसणार. असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय माझ्या मफलरला कुठंही हिरवा रंग नव्हता. याचं शेवटचं वीतभर टोक हिरवं होतं, आणि चघळून चघळून आक्रसल्यासारखं दिसत होतं.

"हा लहान कुणाचा?" मी विचारलं.

मर्टल स्टुलावरून उतरली. "तो फार जुना. एक पोरगा ठेवून गेला. तुमच्याच गावचा. एकटाच आला होता. म्हणाला, शेजारची खुंटी मोकळी ठेवा, आजीचा यायचाय."

गाणं जोरात चाललं होतं. बाबा टेबलावर ताल धरत होते.

"त्यानं दोन पेले मागितले," ती म्हणाली. "एक स्वतःला. दुसरा तिथं ठेवला, खिडकीत. गेलेल्या आईसाठी म्हणाला. तेव्हापासून मीच भरून ठेवते. एवढं प्रेमानं सांगून गेला, मग ठेवायला नको?"

"केवढा होता तो?"

मर्टलनं माझ्याकडे पाहिलं. मग जोएलकडे. तिचा चेहरा इतका मऊ झाला की मला तिची भीती वाटली.

"मिसरूड फुटत होतं," ती म्हणाली. "नीटसं नव्हतं अजून."

नाव मी विचारलं नाही.

माझ्या कडेवर जोएल वळवळला. आणखी कुणाच्या कडेवर असला आणि मी समोर दिसले, की तो एक आवाज काढतो. हुंकार आणि हसू मिसळल्यासारखा. दोन्ही हात पुढं टाकतो आणि सगळं अंग झोकून देतो. तो आवाज फक्त माझ्यासाठी असतो. बाबांनासुद्धा तो कधी मिळाला नाही.

त्यानं तो आवाज काढला.

हात पुढं टाकले.

खिडकीकडे.

मी त्याला घट्ट धरलं होतं आणि तो माझ्या हातांतून माझ्याकडेच जायला बघत होता.

"चला, चला!" डेस ओरडला. "सामना बघायला आलोय आपण, का मर्टलला बघायला?"

आम्ही हरलो. पावसात, दोन गोलांनी, आणि बाबा शेवटपर्यंत उभं राहून पंचाला शिव्या देत होते. बसमध्ये त्यांनी पुढच्या परगावच्या सामन्याची चौकशी केली. "कुठं बसायचं ते मी विचारतो फोन करून," ते म्हणाले. "एव्हिस कसं विचारायची, मला पाठ आहे."

घरी आल्यावर मी ते विणकाम सुयांसकट उचललं आणि कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या चादरींच्या मागं, टाकून दिलं. मफलर पूर्णच झाला नाही तर तो कुठंही टांगला जाणार नाही. मला हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही, तो हसला असता आणि मग रात्रभर माझ्याकडे बघत जागा राहिला असता.

बाबांचे पडदे आता सकाळीच उघडे असतात. मंगळवारी ते आमच्याकडे येतात आणि जोएलला सांभाळतात, म्हणजे मी दुकानात कामाला जाऊ शकते. जोएल त्यांना बघून टाळ्या पिटतो. मागच्या मंगळवारी मी परतले तर घरात भाजलेल्या पावाचा वास होता, आणि दोघंही सतरंजीवर बसले होते.

"चादर शोधत होतो, तर हे सापडलं," बाबा म्हणाले. "अगं, अर्धवट का टाकलंस? पट्टा चुकला म्हणून? तुझ्या आईचे तर निम्मे चुकायचे." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. आईनं त्यांची ती पहिली टोपी हातात घेतल्यावर बघत होते तसे. "मी केला पुरा. लाल लोकर संपली मधेच. मग तुझ्या आईचा एक जुना स्वेटर उसवला."

त्यांनी मफलर जोएलच्या गळ्यात गुंडाळला आणि टोक पुढं सोडलं. "कसा दिसतो?"

"छान दिसतो, बाबा," मी म्हटलं.

जोएलनं ते हिरवं टोक दोन्ही हातांनी पकडलं आणि तोंडात घातलं.