माझूआई तीनदा हसली

पेई-रूने गच्चीवर उभं राहून सनई तोंडाला लावली, तेव्हा तिचा हेतू अगदी निर्मळ होता. दुपारचे चार वाजले होते, खाडीवरून वारा येत होता आणि तिला फक्त ओठ मोकळे करायचे होते. उगाच अवघड काही नको म्हणून तिने सगळ्यांत सोपी धून घेतली… घंटागाडीची.

बुदाई गावात घंटागाडी संध्याकाळी पावणेसातला येते. तिची धून ऐकली की माणूस हातातला घास ठेवतो, भांडण अर्ध्यावर सोडतो आणि कचऱ्याची पिशवी घेऊन रस्त्यावर धावतो. कारण गाडी कुणासाठी थांबत नाही, आणि चुकली तर माशांची डोकी आणखी एक रात्र घरात मुक्काम करतात. तेव्हा दीड मिनिटात सगळी गल्ली पिशव्यांसह खाली हजर होती. गाडी मात्र नव्हती. लोकांनी या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग एकेक मान वर झाली.

पेई-रूने सनई पाठीमागे लपवली. पण सनईचं पितळी तोंड तव्याएवढं असतं. ते तिच्या कमरेमागून उन्हात चमकत राहिलं.

गर्दीच्या पुढे एक उंच तरुण उभा होता. डोक्यावर शांपूचा फेस, एकाच पायात चप्पल आणि दोन हातांत दोन पिशव्या.

"अहो बाई, गाडी तुम्ही आणलीत?"

"गाडी नाही. नुसता आवाज."

"मग या पिशव्या कुठे टाकू?"

"घरी न्या. पावणेसातला खरी येईल."

"पण ओळखायची कशी खरी?"

"सोपंय," पेई-रू म्हणाली, "जी बेसूर असेल, ती खरी."

गल्ली हसली. तोही हसला — आणि त्याचा एक डोळा मिटला. डोळ्यात शांपू गेला, असं त्याचं म्हणणं. पेई-रूचं म्हणणं वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी तो बर्फाच्या कारखान्यात तिच्या खिडकीशी आला. बर्फ घ्यायला नाही. तैचुंग शहरातली नोकरी सोडून महिन्यापूर्वीच ती आईकडे परत आली होती आणि त्या खिडकीत बसून लाद्यांच्या पावत्या फाडत होती. आज त्याच्या दोन्ही पायांत चपला होत्या आणि सोबत लिआओ काका होते.

"मी को माओ-च्वान. कालवांची शेती आहे माझी," तो म्हणाला. "आणि संध्याकाळी देवळाच्या वाजंत्री मंडळात ढोल वाजवतो. हे आमचे काका. चाळीस वर्षं सनई वाजवतायत."

"वाजवत होतो," लिआओ काका म्हणाले. 'त' म्हणताना शिट्टी वाजली.

काकांना थंडीत नवी कवळी बसली होती. तिने त्यांचं जेवण सुधारलं आणि देवीचं संगीत बिघडवलं. फुंकर कुठूनही बाहेर पडायची, सनईतून सोडून. आणि या देवीचा, समुद्र सांभाळणाऱ्या माझूआईचा, वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. पालखीपुढे सनई नसेल तर एकच उपाय होता — टेम्पोवर स्पीकर लावून ध्वनिमुद्रित सनई. गेल्या वर्षी शेजारच्या गावाने तेच केलं होतं, आणि त्यावर बुदाई अजून हसत होती. आता पाळी आपली, हे ओळखून मंडळाची झोप उडाली होती.

"काल सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर काढलीस म्हणे," काका म्हणाले. "एवढा दम मंडळात आता कुणाला नाही. पण पोरी… पालखीपुढे बाईमाणसाने सनई कधी वाजवली नाही गं आमच्यात."

"नियम आहे?"

"नियम नाही. सवय आहे."

"मग मी वाजवते. पुढच्या वर्षी तीही सवय होईल."

तिचे वडील सनईवाले होते. गावोगावच्या लग्नांत आणि मर्तिकांत त्यांच्या मागे-मागे चालत ती वाजवायला शिकली. एक दिवस आपण पालखीच्या पुढे चालायचं, हे तिने नवव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. आणि एकदा ठरवलेलं बदलायची तिला सवय नव्हती.

काकांनी डोकं खाजवलं आणि माओ-च्वानच्या खांद्यावर हात ठेवला. "मग देवीलाच विचारू. रविवारी कौल लावू. या वर्षी देवीपुढच्या धुपाटण्याचा मान या आ-च्वानचा आहे, गावातर्फे तोच विचारेल. तोवर तालमीला ये."

तालमी देवळाच्या अंगणात व्हायच्या. थाळा न्हाव्याकडे, झांजा भाजीवालीकडे. पगार कुणालाच नाही आणि मतं मात्र सगळ्यांना. या वाद्यमेळात सगळं ढोलवाल्याच्या डोळ्यांवर चालतं. चाल बदलायची असली की तो नुसती भुवई उचलतो. म्हणून सनईवालीने वाजवताना त्याच्याकडेच पाहायचं असतं. हा शास्त्रातला नियम आहे. पेई-रूने तो मनापासून पाळला.

अडचण ढोलाची झाली. तिने पाहिलं की माओ-च्वान छपराकडे पाहायचा. मग झांजांकडे. मग कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेल्या स्वतःच्या बोटांकडे. गुरुवारी तर त्याने भुवई अशा जागी उचलली की थाळा एकीकडे गेला आणि झांजा दुसरीकडे.

"तुमची भुवई आजारी आहे का?" पेई-रूने विचारलं.

"तुम्ही… जरा कमी पाहाल का?"

"नियम आहे."

"नियम आहे. पण डोळे न मिटता पाहायचं, असा नाही ना?"

"मिटून घेते. एकच मिटू? शांपूसारखा?"

माओ-च्वानचे कान लाल झाले. भाजीवालीने भाजीवालीच्याच आवाजात सांगितलं, "अरे, ढोल बडव, ढोल! कान नंतर शिजव!"

रविवारी सकाळी अख्खं मंडळ गाभाऱ्यात जमलं. बाहेर पाऊस झिमझिमत होता, आत उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीसारखे, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला फुगीर. हातातून सोडायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. आणि दोन्ही उताणे पडून डुलायला लागले, तर देवी हसली. ओळीने तीन होकार आले तरच परवानगी.

माओ-च्वान गुडघ्यांवर बसला. त्याने नाव, पत्ता, जन्मतिथी पुटपुटली, डोळे मिटले, मनातल्या मनात प्रश्न विचारला आणि तुकडे सोडले.

दोन्ही उताणे. फरशीवर टकटक करत डुलत राहिले.

"हसली," काका म्हणाले. "प्रश्न नीट मांड. परत."

पुन्हा दोन्ही उताणे. तिसऱ्यांदाही. या वेळी ते इतके डुलले की भाजीवालीलाही हसू आलं, आणि मग तिने कान धरून माफी मागितली.

"बाई सनई वाजवणार, यात हसण्यासारखं काय आहे?" पेई-रूने विचारलं. आवाज नेहमीचाच होता, पण स्कार्फचं टोक तिने बोटाला दोनदा गुंडाळलं होतं.

"पूर्वी असं कधी झालं नाही," काका गंभीर झाले. "चहा घेऊ. मग शेवटचं एकदा विचारू. नाहीतर… टेम्पोवाल्याला फोन करतो."

मंडळ चहाला उठलं. पेई-रूने माओ-च्वानला बाजूच्या ओसरीत गाठलं. पागोळ्या गळत होत्या. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, परीक्षेत नापास होऊन घरी जायची हिंमत नसल्यासारखा.

"काय विचारलंत?"

"तेच. वेंग पेई-रूने सनई वाजवलेली चालेल का?"

"एवढंच?"

तो पागोळ्या मोजू लागला.

"माओ-च्वान, माझं नवव्या वर्षापासूनचं स्वप्न त्या दोन तुकड्यांवर आहे. खरं सांगा."

"एवढंच विचारलं… आणि जाता जाता थोडं पुढचं."

"पुढचं म्हणजे?"

"म्हणजे… तिने सनई वाजवलेली चालेल का, आणि तिला मी चालेन का?"

"एकाच कौलात?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"पहिल्यांदा विचारलं, ती हसली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. म्हणून पुन्हा…"

पेई-रूने देवीला मनातल्या मनात हात जोडले. बिचारी! गावातल्या लहान पोरालाही माहीत असतं की एका कौलात एकच प्रश्न विचारायचा. दोन प्रश्नांना ती एक होकार कसा देणार? हसणार नाहीतर काय करणार?

"तुम्ही माझी पालखी तुमच्यापायी अडवलीत," ती म्हणाली.

"चूक झाली."

"धुपाटण्याचा मान तुम्हाला कुणी दिला?"

"माझूआईने. कौल लावूनच."

"तेव्हाही हसलीच असेल ती." पेई-रूने स्कार्फ सोडवला. "चल आत. आधी सनईचं विचार. सनईचंच. दुसरं काही मनात आलं तर जीभ चाव."

'चल' म्हटलेलं त्याला ऐकू आलं. त्याने मान डोलावली आणि वाटेत उंबऱ्याला ठेचकाळला.

या वेळी त्याने प्रश्न मोठ्याने विचारला, सगळ्यांच्या देखत, शाळेत पाढा म्हणावा तसा ठणठणीत. तुकडे सोडले. एक उताणा, एक पालथा. पुन्हा सोडले. एक उताणा, एक पालथा. तिसऱ्यांदा एक तुकडा फरशीवर उताणा थांबला आणि दुसरा घरंगळत पेई-रूच्या पायाशी आला. न्हावी वाकला, काका वाकले…

पालथा!

"दिली! दिली परवानगी!" लिआओ काकांची शिट्टी देवळाबाहेरपर्यंत पोचली. मंडळ ओरडत अंगणात धावलं. कुणी थाळा बडवला, कुणी फटाके शोधू लागलं, आणि भाजीवाली पावसातच नाचू लागली.

गाभाऱ्यात दोघंच उरली. माओ-च्वानने तुकडे उचलले, पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि डोळे मिटले.

"आता काय?" पेई-रूने विचारलं.

"दुसरा प्रश्न. वेगळा विचारतो. तीन होकार यायला हवेत."

पेई-रूने त्याच्या ओंजळीतून तुकडे काढून घेतले आणि देवीपुढे नीट ठेवून दिले. त्याचे हात तसेच रिकामे, उघडे राहिले.

"हा तिचा नाही," ती म्हणाली. "तिच्या मागे आधीच साऱ्या समुद्राचा व्याप आहे. ज्याचा प्रश्न त्यालाच विचारावा. आणि मला तीनदा विचारावं लागत नाही."

माओ-च्वानने छपराकडे पाहिलं नाही. बोटांकडेही नाही. पहिल्यांदाच तो सरळ तिच्याकडे पाहत राहिला.

"पेई-रू… मी तुला चालेन का?"

"इतके दिवस मी शास्त्रासाठी पाहत होते असं वाटलं तुला?"

"म्हणजे…?"

"म्हणजे हो, बावळटा. हो."

बाहेरून लिआओ काकांनी दारातून डोकं आत घातलं. "आ-च्वान! अजून काय विचारत बसलायस तिला? म्हणाली ना हो?"

"म्हणाली, काका," माओ-च्वान म्हणाला. उठताना त्याला पेई-रूचा हात धरावा लागला, आणि उठून झाल्यावरही त्याने तो सोडला नाही. "दोघीही म्हणाल्या."