मशीन का थांबलं?

अंबडला, कारखान्यांच्या वसाहतीत, सकाळच्या पारी मिसळीच्या हॉटेलात जागा मिळायची म्हणजे नशीब लागतं. तृप्तीला त्या दिवशी अर्धंच टेबल मिळालं. उरलेल्या अर्ध्यावर एक सावळा, उंच तरुण रस्सा ओरपत फोनवर तणतणत होता.

"मशीन थांबलं की म्हणे स्क्रीनवर कारण निवडा, मगच पुढं चालू. आणि कारणं किती, तर मारुतीच्या शेपटाएवढी. ज्या शहाण्यानं हे बनवलंय ना, त्याला एक दिवस आमच्या मशीनपाशी उभं केलं पाहिजे."

तृप्तीनं पाव खाली ठेवला.

"शहाणा नाही, शहाणी," ती म्हणाली. "समोर बसलीये. करा उभं."

दुसरा असता तर जीभ चावून पळाला असता. ह्यानं फोन ठेवला, रश्श्याची वाटी तिच्याकडं सरकवली आणि शांतपणे म्हणाला, "आधी खाऊन घ्या. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

तिला हसू आलं, ते तिनं कांद्याआड दडवलं... पण त्याला दिसलंच.

तृप्तीची कंपनी कॉलेजरोडला. गिऱ्हाईक म्हणेल तसं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं, शिंपिणीसारखंच काम. खोट एवढीच, की माप शेठचं घ्यायचं आणि कपडा घालायचा कामगारानं. निवृत्तीशेठच्या कारखान्याचं माप तिनं शेठच्या गारेगार केबिनमध्ये बसून घेतलं होतं. जिना उतरून खाली मशीनपाशी ती कधी गेलीच नव्हती. आणि हा रस्सा ओरपणारा धम्मपाल तिथलाच सुपरवायझर.

दुसऱ्याच दिवशी ती गेली. त्याचं तोंड बंद करायलाच गेली होती म्हणा. उभी राहिली, पायाला गोळे आले तरी हटली नाही. आणि मग तिला दिसलं. मशीन थांबलं की माणूस तेलकट हातानं लांबच्या भिंतीवरच्या स्क्रीनपाशी पळायचा, सगळ्यात वरचं कारण दाबायचा आणि मागं फिरायचा.

सगळ्यात वर लिहिलं होतं – 'वीज गेली'.

तृप्तीनं वर बघितलं. डोक्यावर दिवे लखलखत होते. मग तिनं धम्मपालकडं बघितलं.

"वीज गेलीये का?"

"तुमच्या स्क्रीनपुरती गेलीये," तो म्हणाला. "खरं कारण पार खाली असतं. तेलकट बोटानं यादी सरकत नाही. मीच सांगितलंय पोरांना, पहिलं दाबा आणि कामाला लागा."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुम्ही आत्ता विचारताय."

राग आला तिला. पण रागानं कुणी रोज रोज जातं का? ती जायला लागली. थंडीचे दिवस, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून ती मशीनपाशी उभी राहायची. एकदा ती आत आली आणि तो चालवत होता ते मशीन बंद पडलं.

"का थांबलं?"

"तुम्ही आलात म्हणून."

"हे कारण... यादीत नाहीये."

"टाका की मग. सगळ्यात वर टाका."

तिचे कान लाल झाले. थंडी होती ना... थंडीनंही होतात.

तेवढ्यात निवृत्तीशेठनं महिन्याचा रिपोर्ट पाहिला. मशीनं बंद पडलेली दिसली, आणि का, तर वीज नाही. शेठ भला मोठा जनरेटर घ्यायला निघाले. तृप्तीनं पळत जाऊन आपल्या कंपनीच्या साहेबांना, किशोरसरांना सगळं सांगितलं.

"गिऱ्हाईकासमोर आपली चूक नसते," सर म्हणाले. "तोंड उघडायचंच असेल तर एवढंच सांग, की सुपरवायझरनं खोटं भरलं. त्याला काढतील, आपलं नाव राहील."

"आणि तसं नाही सांगितलं तर?"

"तर तू दुसरीकडं नोकरी बघ."

झालं. एका पारड्यात तिची नोकरी, दुसऱ्यात त्याची. शिकलेल्या माणसांनी असल्या वेळी घसा खाकरून मधलं काहीतरी बोलावं, अशी रीत पडलीये. ह्या पोरीनं मोडली.

मीटिंगमध्ये ती उभी राहिली. "शेठ, जनरेटर घेऊ नका. वीज गेलेलीच नाही. यादी मी चुकीची लावली. तुम्ही काय सांगता ते ऐकलं, माणसं काय करतात ते बघितलं नाही."

"तसं नाही शेठ, तुमच्या सुपरवायझरनं–" किशोरसर मध्ये घुसले.

"सर, मी बोलतेय."

"आणि पहिलं बटण दाबा म्हणणारा मी," दारातून आवाज आला. धम्मपाल हात पुसत उभा होता. "एकटीनं कशाला घ्यायचं?"

शेठनं चष्मा काढला. "लय झालं. माझ्याकडं माणसं चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला येत्यात. ही दोघं तर चुकीसाठी भांडायला लागली." मग किशोरसरांकडं वळले, "हीच पोरगी खाली बसून नीट करणार असंल तर काम ठेवतो. नायतर तुमची स्क्रीन उचला."

सरांनी गपगुमान मान हलवली.

तिनं मशीनच्या बाजूलाच मोठाली तीन बटणं बसवली, कोपरानं दाबता येतील अशी. काम संपलं त्या दिवशी गेटवर दोघंही रेंगाळले.

"आता काय कारण काढून येशील?" त्यानं विचारलं.

"कारण काढायचं नाही. खरं ते सांगायचं. बस गाडीवर, घरी चल."

"माझं नाव ऐकलं की तुझ्या घरी सगळं कळेल, तृप्ती."

"कळू दे. कळण्यासाठीच असतं नाव."

सिडकोत शिरताना तो मागून म्हणाला, "मी कोपऱ्यावर उतरतो. लोक बघतायत."

तिनं स्कूटर कोपऱ्यावर थांबवलीच नाही. थेट दारात नेली आणि हॉर्न वाजवला. समोरच्या ओट्यावर वत्सलाबाई मेथी निवडत होत्या, त्यांचा हात जुडीतच राहिला. आई, यशोदाबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"दारात का गं थांबलीस? गाडी बंद पडली का?"

पहिलं तोंडात आलं ते सोपं होतं. हो म्हणायचं, आत जायचं. तृप्तीनं मागं हात नेला, त्याचा हात पकडला.

"गाडीला काही झालेलं नाही, आई," ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हा धम्मपाल. ह्याच्यासाठी थांबलेय."