भेटीला येणारा मुलगा

"सापडलं का गं?"

संध्याकाळी ताईने चपला काढायच्या आत आप्पांचा हा प्रश्न ठरलेला असायचा, आणि एकतीस वर्षं तिचं उत्तरही ठरलेलं होतं, ‘नाही हो आप्पा, उद्या बघते.’ आज मात्र तिचे ओठच हलेनात! कारण आज ते सापडलं होतं... आणि तिच्या मागे, अर्धवट उघड्या दाराशी, चाळीस वर्षांत या घराचा उंबरा न ओलांडलेली आत्या पदराने तोंड दाबून उभी होती.

"कोण आहे?" आप्पांनी मान वळवली. शहाऐंशी वर्षांचे थकलेले डोळे क्षणात पेटले. "हिला कुणी बोलावलं? काकांची मुलगी माझ्या घरात नको म्हणून सांगितलंय ना!"

"आप्पा, ऐका ना..." ताईने त्यांचा हात धरला आणि तिला रडू कोसळलं.

जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत ताई फाटक्या वह्या दुरुस्त करत असे. पानांना खळ लावायची, पातळ कागद चिकटवायचा, वजनाखाली दाबून ठेवायचं. लग्न, संसार सारं बाजूला सारून तिने ही नोकरी धरली ती एकाच आशेवर, आप्पांच्या वडिलांचा ठावठिकाणा लागावा! आप्पा चार वर्षांचे असताना त्यांचे वडील आणि धाकटे काका एकाच दिवशी लढाईवर गेले. काका परत आले, तेही धडधाकट. वडिलांबद्दल आलं ते ‘बेपत्ता’ एवढंच लिहिलेलं पत्र. पळून गेला असेल म्हणणारे शेजारी होतेच. शेजाऱ्यांचं काय जातं? काकांनी मात्र तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी भावजय आणि पुतण्या सांभाळला, पण पुतण्याच्या मनात कायम एकच सल: ‘या माणसाने माझ्या बापाला तिकडे टाकलं आणि स्वतःचा जीव घेऊन पळून आला!’ त्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका स्वच्छ सदरा घालून दिवसभर गायब व्हायचे. चैन करायला, दुसरं काय! असं आप्पा म्हणायचे.

काका मरणपंथाला लागले तेव्हा ताई अठरा वर्षांची होती. "बापाला म्हणावं, एकदा येऊन जा, सांगायचंय काही," हा त्यांचा निरोप तिनेच आणला होता. आप्पा गेले नाहीत. मयतीलासुद्धा नाही!

शोध घ्यायचा तर दोनच याद्या बघायच्या, मेलेल्यांची आणि पळालेल्यांची, अशी आप्पांची सक्त ताकीद होती. बाप जिवंत असता तर घरी आला नसता का, हा त्यांचा बिनतोड हिशेब. आणि ताई, आज्ञाधारक लेक, त्याच दोन याद्या पुन्हा पुन्हा चाळत केस पांढरे करून बसली.

मग गेल्या आठवड्यात, बंद पडलेल्या एका सैनिकी इस्पितळाच्या भेटवह्या दुरुस्तीसाठी तिच्या टेबलावर आल्या. आज एका फाटक्या पानावर खळ फिरवताना तिचा हात थबकला. रुग्णाचं नाव आजोबांचं. भेटीला आलेल्याचं नाव... आप्पांचं! नातं, मुलगा. प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार. एक वही, दोन वह्या, चोवीस वर्षं! आणि ती अक्षरं, दुकानाच्या पाटीवर काढावीत तशी जाड-बारीक, डौलदार... ती ताई कशी विसरणार? लहानपणी काकांच्या मांडीवर बसूनच तर ती अक्षरं गिरवायला शिकली होती.

तिने थेट आत्याचं घर गाठलं. आत्याने नाकबूल केलं नाही. फक्त म्हणाली, "बाबा म्हणाले होते, तो आला तर सांग. नाही आला तर नको सांगू, जन्मभर जिवाला लागेल त्याच्या."

आता ताई हुंदके देत एकेक गोष्ट सांगत होती. आजोबांचे डोळे गेले होते, अर्धा चेहरा जळला होता. माझ्या बायको-मुलाला हे दाखवू नकोस, मी मेलो समज, अशी त्यांनी धाकट्या भावाला शपथ घातली होती. पुढे त्यांचं डोकंही जागेवर राहिलं नाही, शपथ विसरले, आणि रात्रंदिवस एकच धोशा, माझा मुलगा कुठाय... माझ्या मुलाला आणा...

"काकाआजोबा शपथेत अडकले होते, आप्पा! तुम्हाला नेता येईना आणि त्यांचा आक्रोश बघवेना. मग तेच तुम्ही होऊन जायला लागले!"

"आणि माझी आई?" आप्पा ओरडले. "ती वाट बघत गेली रे देवा! तिला तरी सांगायचं!"

कुणावर रागवायचं? शपथ घालणाऱ्यावर, की पाळणाऱ्यावर? दोघंही केव्हाच जग सोडून गेले होते. आप्पा तेहतीस वर्षांचे होईपर्यंत त्यांचा बाप जिवंत होता, दोन तासांच्या वाटेवर... आणि ज्यांचे पाय धरावेत त्या काकांना खांदासुद्धा दिला नव्हता! म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. ताई नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

मग आप्पांनी दाराकडे पाहिलं.

"ये गं आत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उभी का?"

आत्या येऊन पलंगाच्या कडेला बसली. आप्पांनी तिचा हात घट्ट पकडला.

"तुला काकांनी सांगितलं असेल ना सगळं? मी... मी काय बोलायचो गं माझ्या बापाशी?"

आत्याने डोळे पुसले.

"पहिल्यांदा गेलास तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, दादा. जाऊन म्हणालास, बाबा, मी गणितात नापास झालो. ते खूप हसले. मीही व्हायचो, म्हणाले. तुझं डोकं चाचपून बघितलं, केवढा उंच झालास म्हणाले. माझे बाबा गुडघ्यांवर बसले होते ना, तरीसुद्धा."

"मग?" आप्पांनी विचारलं.