लाखेच्या मोहरेखालचं गाणं

"आमचे मालक गाणं लावत्यात," झुंबरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्यांना जाऊन वरीस झालं."

खाजगी तपासाची कामं करणाऱ्या दत्तोपंतांनी बशी खाली ठेवली. त्यांचा मित्र रंगनाथ दचकून मागे पाहू लागला. मागे फक्त प्रवरा नदी होती, सांजेच्या धुरकट उजेडात झोपेत वाहत असल्यासारखी.

झुंबरबाईंच्या कोल्हारमधल्या या रस्त्याकाठच्या हॉटेलाला रेकॉर्डी वाजवायचा परवाना नव्हता. म्हणून रेकॉर्ड कंपन्यांचे तपासनीस शामकांत यांनी महिन्यापूर्वी रेकॉर्ड प्लेअरवर लाखेची मोहर लावली होती. मोहर शाबूत होती. तरी रोज दिवेलागणीला गाणं वाजत होतं.

"दुसरं यंत्र लपवलंय," शामकांत म्हणाले. "मी समोर रस्त्यावर उभा राहून ऐकलं. उद्या खटला भरणार. हे यंत्र जप्त होईल."

"हाटेल न्या, साहेब. ते यंत्र नका नेऊ. मालक सोताच्या धोतरानं पुसायचे त्याला."

"गाणं कुठलं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आमचीच तबकडी. दुसऱ्या कडव्यात सुई अडकती. लाईट गेली तरी वाजतं. मानसाचं काम न्हाई हे."

समोरचा चहावाला छगन उसळला. "माझ्यावर घालू नका! माझ्याकडं रेडिओ, तोबी विजेवरचा. आन् गाणं वाजलं की ट्रकवाले तिच्याकडं थांबत्यात. मी कशाला वाजवू?" मग जरा विचार करून म्हणाला, "पाटलाच्या लग्नादिवशी तेवढं वाजलं न्हाई, ट्रकवाले सांगत व्हते. आख्खं गाव मांडवात. ही एकलीच हाटेलात. विधवा बाई लग्नाला कशी येनार?"

लाऊडस्पीकरवाला गोरक्ष नदीपलीकडे मळ्यात राहत असे. दोघं तिकडे गेले, तेव्हा बॅटरीवर कापड टाकत तो म्हणाला, "आपल्याकडं परवाना हाय. तालुक्यात कुठंबी, उघड्यावर वाजवायचा. तबकड्या मातर घरोघरून मागून आनतो."

परतताना रंगनाथ म्हणाला, "दत्तोपंत, भूतच असावं."

"भुताला लग्नाचं आमंत्रण होतं वाटतं?"

दुसऱ्या सांजेला दत्तोपंतांनी सगळ्यांना हॉटेलात बोलावलं.

"वीज नसताना रस्त्यापर्यंत आवाज पोचतो, म्हणजे बॅटरी आणि कर्णा. झुंबरबाई वाजवत असत्या तर लग्नाच्या दिवशी, गाव रिकामं असताना, हमखास वाजवलं असतं. त्या दिवशी गाणं बंद, कारण वाजवणारा मांडवात कामावर होता. सुई अडकते ती यांचीच तबकडी. मागून नेलेली, परत न दिलेली. शामकांत, तुम्ही रस्त्यावर होता. तुमच्यासमोर हॉटेल, त्यामागे नदी, नदीपलीकडे गोरक्षाचा मळा. पाण्यावरून आलेला आवाज तुम्हाला हॉटेलातला वाटला."

गोरक्षानं मान खाली घातली. "मोहर लागल्यापास्नं वैनी सांजंला चूलच पेटवंनात. पल्याडून दिसायचं. दादा रोज लावायचे ते लावलं. म्हनलं, गिऱ्हाईक तरी थांबंल."

शामकांतांनी गोरक्षाचा परवाना पाहिला, परत दिला. "माझी तक्रार उरली नाही."

यंत्र वाचलं होतं. झुंबरबाई मात्र नदीकडे बघत राहिल्या. "म्हंजी, ते नव्हते."



"वैनी, बंद करू का?" गोरक्षानं विचारलं.

झुंबरबाईंनी काडी ओढली. चूल धुमसली, मग पेटली.

"बंद कशापायी? लाव की. पन तबकडी पुसून लावत जा, मेल्या."